चाळीस दिवस सुटते, ईस्टरला परत लागते

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, सिगारेट सोडणाऱ्याची लक्षणं अशी. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते आणि त्याच दिवशी सिगारेट बंद होते. पहिल्या आठवड्यात घरचे वैतागतात. दुसऱ्यात जरा बरं वाटतं आणि चौथ्यात आपण इतरांना सल्ले द्यायला लागतो. पवित्र शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तर वाटतं, सुटलीच. मग शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणाची मिस्सा (चर्चमधली उपासना) संपते, सगळे एकमेकांना शुभेच्छा देत गेटबाहेर येतात आणि कोणीतरी पाकीट पुढे करतं. "आता काय, लेंट संपला!" सोमवारी चार होतात, पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा पूर्वीच्या अकरा.

माझं हे 2017 ते 2022 असं सलग सहा वर्षं चाललं. 2023च्या लेंटला बंद केली, ती बंदच आहे. मधे एकदा घसरलो, ते पुढे सांगतो.

मी नवी मुंबईत महापेच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर फ्यूज बदलत बसू नका, लोड कुठे वाढतोय ते शोधा, असं नव्या पोरांना रोज सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र सहा वर्षं नुसते फ्यूज बदलत होतो. तुमचंही असंच होत असेल तर मला बिघाड कुठे कुठे सापडला ते वाचा. तुमचा कदाचित वेगळ्या जागी निघेल.

रविवारची फट

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस होतात, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. हे गणित चर्चचं आहे आणि ते बरोबरच आहे. मी त्याचा उपयोग वेगळा केला. रविवारी मिस्सा, मग मटण, मग गॅलरीत दोन सिगारेटी. पाप नाही, नियम मोडला नाही, सगळं हिशोबात.

शरीराला हा हिशोब कळत नाही. निकोटीन बंद झालं की त्रास सर्वांत जास्त होतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तो बराचसा ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. दर रविवारी दोन ओढून मी दर सोमवारी पुन्हा पहिल्या पायरीवर येत होतो. म्हणजे चाळीस दिवस मी कधी सोडलीच नव्हती. आधी चार दिवस आणि मग सहा-सहा दिवसांचे सहा तुकडे, एवढंच केलं होतं. त्रास मात्र चाळिसाच्या चाळीस दिवसांचा भोगला.

ही फट बंद करणं सर्वांत सोपं. रविवारी गोड खा, बिर्याणी खा, उपवासाचे बाकीचे सगळे नियम सैल करा. सिगारेट त्या यादीत घालू नका.

2020 चा लेंट मला सगळ्यात सोपा गेला होता. 26 फेब्रुवारीला सुरू झाला, मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागलं, टपऱ्या बंद. 12 एप्रिलचा ईस्टर घरातच फोनवर मिस्सा बघत साजरा केला आणि ईस्टरनंतरही ओढली नाही. मी देवाचे आभार मानत होतो, प्रार्थना ऐकली म्हणून. जूनमध्ये टपरी उघडली आणि तिसऱ्या दिवशी मी तिथे उभा. प्रार्थनेचा म्हणून मिरवलेला तो विजय टपरीच्या शटरचा होता.

किती वाजले होते?

2022च्या ईस्टरनंतर दोन महिने मी कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल करायला, गेलोच नाही. दर वर्षी तेच पाप कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी गेलो, तेव्हा बाहेरून आलेले एक वयस्कर फादर बसले होते. मी नेहमीचं सुरू केलं, माझा विश्वास कमी पडतो, मनोबल नाही वगैरे. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "शेवटची ओढलीस तेव्हा किती वाजले होते? कुठे होतास?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "मग कशाचा पश्चात्ताप करतोयस ते तुलाच माहीत नाही. आठ दिवस लिहून काढ. सोडू नकोस, फक्त लिही."

पाकिटातच कागदाची घडी ठेवली. ओढण्याआधी वेळ, जागा आणि सोबत काय होतं ते लिहायचं. आठ दिवसांनी कागद उलगडला तर माझ्या अकरा सिगारेटींपैकी आठ कशाला तरी चिकटलेल्या होत्या. सकाळी संडासाआधीची, ठाणे स्टेशनबाहेरची, कोपरखैरण्याला उतरल्यावरची, दोन चहांच्या दोन, दुपारच्या जेवणानंतरची, कंपनीच्या गेटची, रात्री गॅलरीतली. शरीराने स्वतःहून मागितलेल्या फार तर तीन.

तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानातला बाराव्या अध्यायातला तो दाखला पहिल्यांदा नीट कळला. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, ओसाड जागी भटकतो, कुठे विसावा मिळत नाही म्हणून परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन येतो. लहानपणापासून ऐकलेला हा दाखला. माझं लक्ष कायम त्या सातांकडे जायचं. खरी अडचण 'रिकामं' या शब्दात आहे. दर लेंटला मी घर झाडून घेत होतो आणि आठ खोल्यांपैकी एकीतही कोणाला राहायला आणत नव्हतो.

खोल्या भरताना

संडासापासून सुरुवात करतो. लिहायला लाज वाटते, पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक याच एका कारणाने परत ओढायला लागलेत. निकोटीनने आतड्यांना चालना मिळते हे खरं आहे. सिगारेट बंद केली की काही आठवडे पोट साफ होत नाही, डोकं जड होतं आणि माणूस म्हणतो, "मला औषध म्हणून सकाळची एक तरी लागतेच." ती एक संध्याकाळपर्यंत सहा होते. यावर उपाय सोडायच्या दिवशी सुरू केलात तर उशीर झाला. मी दहा दिवस आधी सुरू केला. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास गरम पाणी, मग ठाण्यातल्या तलावपाळीला एक फेरी आणि घरी येऊन पपई. मासुंदा तलावाला सकाळी सहाला चक्कर मारणारी इतकी माणसं असतात हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. चालून आलं की काम होतं. न झालं तरी अर्धा तास थांबा, काडी पेटवू नका.

पुढची खोली चहाची, आणि इथे एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन नेहमीपेक्षा भरभर निचरा करून टाकतं. धूर बंद झाला की तेच चार कप जास्त चढतात. छातीत धडधड, हात कापणं, रात्री झोप नाही. आपल्याला वाटतं की सिगारेट नाही म्हणून होतंय, आणि अर्धा त्रास चहाचा असतो. पहिल्याच दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. आपण आधीच कटिंग पिणारी माणसं, त्यामुळे मला कटिंगची कटिंग करावी लागली. कंपनीत चहा टपरीवर घ्यायचा सोडून जागेवर मागवायला लागलो. पहिले काही दिवस पोरं हसली.

महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे. टपरीवर ती मिळते हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यामुळे "पाकीट ठेवत नाही, म्हणजे मी सुरक्षित" या भ्रमात राहू नका. स्टेशनबाहेर मी सरळ रस्ता बदलला, दोन मिनिटं जास्त लागतात. लायटर, ॲश-ट्रे, गाडीच्या कप्प्यातलं जुनं पाकीट हे सगळं मंगळवारी रात्रीच बाहेर काढा. बुधवारी काढू म्हणाल तर शेवटची ओढाल.

रात्रीच्या जेवणानंतर भांडी मी घासायला लागलो. ओल्या हाताने सिगारेट धरता येत नाही. बायकोने या उपायाला माझ्याहून जास्त पाठिंबा दिला.

दहा मणी

प्रार्थनेचं काय, असं विचाराल. सहा वर्षं माझी प्रार्थना एकच होती, "प्रभू, ही इच्छाच काढून टाक." काहींची निघते. आमच्या प्रार्थना गटातले एक जण रिट्रीटला (प्रार्थनेच्या शिबिराला) गेले आणि परत आले ते सोडूनच. त्यांच्या साक्षीवर मला शंका नाही. माझ्या बाबतीत तसं झालं नाही आणि दर वेळी मी निष्कर्ष काढला की माझंच काहीतरी खोटं आहे.

मग मागणी छोटी केली. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. चढते, शिखरावर जाते, उतरते. रोझरीचं (जपमाळेचं) एक दशक, म्हणजे प्रभूची प्रार्थना, दहा नमो मारिया आणि शेवटी पित्याला-पुत्राला गौरव, घाई न करता म्हटलं तर तेवढाच वेळ जातो. मी दहा दाण्यांची रोझरी अंगठी घेतली आणि लायटर ठेवायचो त्याच खिशात टाकली.

तिसरा दिवस, 24 फेब्रुवारी 2023, शुक्रवार. संध्याकाळी सव्वासहाला कोपरखैरणे स्टेशनच्या बाहेर आलो. ठाण्याची गाडी नुकतीच गेलेली. शेजारी एकाने पेटवली आणि तो पहिला धूर वाऱ्याने माझ्याकडे आला. तोंडाला पाणी सुटलं, खरंच, भूक लागल्यासारखं. हात सवयीने खिशात गेला आणि अंगठी लागली. तिथून दहा पावलं लांब जाऊन सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या दाण्याला शब्द नुसते तोंडाने चालले होते, डोकं त्या धुरातच. सातव्याला सगळ्यात वाईट, जबडा दुखेपर्यंत दात आवळलेले. दहा संपले तरी उतरली नव्हती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत कुठेतरी लक्षात आलं की मी घरच्या मिक्सरच्या कपलरचा विचार करतोय. म्हणजे गेली होती. गाडीत बसायला जागाही मिळाली.

यात लांब वाक्य म्हणताना श्वास आपोआप लांबतो, बोटं गुंतलेली राहतात, आणि आपण आयुष्यभराचं वचन न मागता चार मिनिटं मागतो. यातलं देवाचं किती आणि श्वासाचं किती हे वेगळं काढायच्या भानगडीत मी पडलो नाही. रोझरी न म्हणणाऱ्यांनी पाठ असलेलं एखादं स्तोत्र घ्यावं. पाठ हवं, मोबाइलमध्ये शोधत बसलात तर तेवढ्यात पेटेल.

एक सूचना आपुलकीने. "देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे" हे वचन घरातल्या ओढणाऱ्याला रोज ऐकवू नका. बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात हे लिहिताना संत पौलासमोर विषय वेगळा होता, पण अर्थ इथेही लागू पडतो हे मान्य. मला ते ऐकलं की लाज वाटायची आणि लाज वाटली की तलफ यायची. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, परिच्छेद 2290 मध्ये, संयमाबद्दल बोलताना अन्न, दारू, औषध यांच्याबरोबर तंबाखूच्या अतिरेकाचंही नाव आहे. 2018 पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेट विक्रीही बंद झाली, पोप फ्रान्सिस यांनी केली. पाप किती मोठं यावर घोळ घालायची गरज नाही, एवढं पुरे.

निकोटीन गम घेतला म्हणजे विश्वास कमी?

आमच्याकडच्या एक आंटी म्हणाल्या, "प्रभूवर भरवसा ठेव, गोळ्या कशाला?" आंटींना स्वतःला बीपीची गोळी चालू आहे. बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकात 38व्या अध्यायात स्पष्ट आहे की वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं, आणि जमिनीतून औषधं प्रभूनेच उगवली. पुढे आजारी माणसाने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी असं सांगितलंय. दोन्ही.

निकोटीन गमबद्दल "काही फायदा झाला नाही" म्हणणारे बहुतेक जण तो च्युइंग गमसारखा चावतात. चार-पाच वेळा हळू चावायचा, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, लिंबूपाणी, काही नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. भराभर चावून गिळलात तर उचक्या आणि मळमळ. 2 आणि 4 मिलिग्रॅम असे प्रकार येतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर तुमचं व्यसन वरच्या श्रेणीतलं आहे, डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. डॉक्टरांकडे निकोटीन नसलेल्या गोळ्याही असतात. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. पाकीट फेकण्याआधी नंबर उतरवून घ्या.

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींनी 1960च्या सुमारास अमेरिकेत पाच दिवसांचा कार्यक्रम सुरू केला होता, एक डॉक्टर आणि एक पाळक मिळून. भरपूर पाणी, फळं, चालणं, दीर्घ श्वास, पहिले पाच दिवस चहा-कॉफी-दारू आणि मसालेदार जेवण बंद, आणि सोबत प्रार्थना. मी कॅथलिक, पण चांगली युक्ती शेजारच्या चर्चकडून घ्यायला काय हरकत? मसाला सोडून बाकी सगळं केलं. बोंबलाच्या कालवणाशिवाय पाच दिवस मला जमणारे नव्हते.

ईस्टरला काय करायचं

मुख्य बिघाड हाच होता. ज्या गोष्टीला शेवटची तारीख असते ती गोष्ट आपण सोडत नाही, चाळीस दिवस गहाण ठेवतो आणि ईस्टरला सोडवून आणतो. आणि "आता आयुष्यभर नाही" म्हटलं की छातीत धस्स होतं.

यावर वाट दाखवली मॅट टॅलबॉटने. डब्लिनचा हमाली करणारा माणूस, पक्का दारुडा. 1884 मध्ये त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली ती फक्त तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची. मग जन्माची. पुढे तंबाखूही सोडली. 1925 मध्ये वारला, 1975 मध्ये चर्चने त्याला 'पूजनीय' घोषित केलं.

मीही मुक्काम ठरवले. 9 एप्रिल 2023 च्या ईस्टरला पुढचा शब्द दिला पेंटेकॉस्टपर्यंतचा (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), म्हणजे 28 मे. तिथून 24 जून, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण, आमच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचा आश्रयदाता. मग 15 ऑगस्ट (मरियामातेचं स्वर्गारोहण), 8 सप्टेंबर (तिचा जन्मदिवस), 2 नोव्हेंबर (मृतांच्या स्मरणाचा दिवस), नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. कुठलाही टप्पा तीन महिन्यांच्या वर नाही. कॅलेंडर आपल्याकडे आधीच छापून आलेलं आहे, नवीन काही शोधावं लागत नाही.

आणि ईस्टरच्या रात्री मिस्सेनंतर गेटबाहेर उभं राहू नका. मी त्या वर्षी मुलीचा हात धरून सरळ घरी आलो. लग्नाच्या हळदीला, पार्टीला ग्लास हातात घेणंही पहिले दोन-तीन मुक्काम टाळा. दुसऱ्या पेगनंतर कोणतंही दशक आठवत नाही.

बदल म्हणून मिश्री, मावा, विडी यातलं काही सुरू करू नका. तो बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त दुसऱ्या खोलीत जातो. ई-सिगारेटवर तर देशात 2019 पासून बंदीच आहे.

खोकला वाढला, वजन वाढलं

सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. फुप्फुसांतली केसासारखी झाडणी पुन्हा कामाला लागते आणि साठलेला कफ बाहेर ढकलते. "ओढत होतो तेव्हा बरा होतो" असं म्हणत परत वळणारे मी पाहिलेत. मात्र थुंकीत रक्त दिसलं, छातीत दुखलं किंवा खोकला लांबला तर थांबू नका, तपासून घ्या. मन फारच खचलं तरीही. माझं वजन चार किलो वाढलं. रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या चढावर जायला लागलो, दीड उतरलं, अडीच आहे. धापा टाकत वर पोचायचो तिथे आता बोलत बोलत पोचतो.

एक ओढलीत तर

ऑगस्ट 2023. कंपनीतला एक जुना सहकारी गेला. स्मशानातून बाहेर आल्यावर कोणीतरी दिली आणि मी घेतली. अर्ध्यात चक्कर आली तरी पूर्ण ओढली. पूर्वीच्या सहा वर्षांत इथून पुढचं ठरलेलं असायचं, मोडलंच आहे तर आता पाकीटच घेऊ. या वेळी रिक्षातच त्या जुन्या कागदावर वेळ लिहिली, 5:40, स्मशानाबाहेर, रडू येत होतं. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वासावरून कळलं. जेव." शनिवारी कन्फेशनला गेलो, आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजले नाहीत. बायबलच्या नीतिसूत्रांत नीतिमान माणूस सात वेळा पडून उठतो म्हटलंय. त्यात हिशोब पहिल्यापासून मांडतो असं कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. महिन्या दोन महिन्यांतून स्वप्नात ओढतो. तीच टपरी, पाऊस, हातात कटिंग, आणि इतकी छान लागते की काय सांगू. दचकून उठतो, अंधारात बोटांचा वास घेऊन बघतो. इसबगोलचा वास येतो.